केसांसाठी जोखीम घ्यावी का?



केस गळणे हा काही चर्चच्या पत्रिकेत लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. कांद्याचा भाव, द्राक्षावरचा रोग, मुलांच्या फिया असे प्रश्न समोर असताना डोक्यावरच्या केसांचे काय घेऊन बसायचे? म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे. पण ज्याच्यावर ही वेळ आली आहे, त्याच्या घरात जाऊन हेच वाक्य म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही.

आपल्याच महाराष्ट्रातले ताजे उदाहरण घेऊ. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या लोकांचे डोके खाजू लागले आणि तीन-चार दिवसांत केस मूठमूठ हातात येऊ लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळली. महिन्याभरात अठरा गावांतल्या २७९ जणांना ही बाधा झाल्याची नोंद झाली. पाण्याचे नमुने तपासले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या खर्चाने तपासण्या करून असे मत मांडले, की रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार होते. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात ते किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघाले.

त्या गावांत केसांमुळे कोणाचा प्राण गेला नाही. तरीही मुलींनी कॉलेजात जाणे बंद केले, ठरलेली लग्ने अडली, अशा बातम्या आल्या. अनेकांनी उरलेले केस काढून सरळ मुंडण केले, म्हणजे निदान लोक टाळूवरच्या चकत्यांकडे बघणार नाहीत. प्राण न घेणारे दुखणेही जगणे किती अवघड करते, हे यावरून दिसते.

शेगावची गोष्ट विषबाधेची होती. आपल्याकडे गावोगावी दिसते ती चाई. डोक्यावर रुपयाएवढी चकती पडते, ती वाढते, दुसरी पडते. काहींच्या भुवया आणि पापण्याही जातात. चाई संसर्गाने पसरत नाही. एकाच्या टॉवेलने दुसऱ्याला होत नाही. झोपेत किडा केस खातो, हेही खरे नाही. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी यंत्रणा असते, तीच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. मुळे मात्र मरत नाहीत, झोपी जातात. म्हणून आशा राहते, आणि आशा राहते म्हणूनच प्रश्न उभा राहतो.

समजा, विंचूरच्या एखाद्या घरात एकोणीस वर्षांची मुलगी आहे. दोन वर्षांत तिचे जवळजवळ सगळे केस गेले. मलमे झाली, टाळूत इंजेक्शने झाली, वैद्य झाले, नवसही झाले. आता नाशिकचे डॉक्टर म्हणतात, एक नवी गोळी आहे, पण ती या आजारावर पुरती जुनी झालेली नाही, काही धोके आहेत. आई म्हणते, घेऊन टाक, स्थळे यायचे दिवस आहेत. आजी म्हणते, देवाने दिले तसे राहावे, केसांसाठी रक्तात विष कशाला कालवायचे? मुलगी गप्प बसते. अशा वेळी योग्य काय, याचा आम्ही इथे विचार करू इच्छितो.

पहिली गोष्ट, केस परत यावेत असे वाटणे हा नखरा आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. नटणे वेगळे आणि आरशात आपलाच चेहरा ओळखू यावा असे वाटणे वेगळे. भुवया-पापण्या गेल्या की घाम आणि धूळ थेट डोळ्यांत जाते. बागेत, बांधावर काम करणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. आणि टक्कल पडलेल्याला चिडवणे तर फार जुने आहे. बेथेलच्या वाटेवर पोरांनी अलीशा संदेष्ट्यालाही यावरून चिडवले होते, असे बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या ग्रंथात नमूद आहे. देवाच्या माणसाला जे सोसवले नाही, ते एका मुलीने हसत सोसावे, अशी अपेक्षा आपण करू नये.

दुसरी गोष्ट, औषधाची. ‘नवी गोळी’ म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. २०१४ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एका पंचवीस वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या अंगावर जवळजवळ केसच नव्हते. त्याला सोरायसिसही होता, म्हणून त्यांनी त्याला संधिवातावरची टोफासिटिनिब नावाची गोळी दिली, आणि काही महिन्यांत त्याचे केस आले. एका माणसाची हकीकत म्हणजे पुरावा नव्हे. पुढे त्याच जातीच्या बॅरिसिटिनिब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. मिळून बाराशे रुग्ण होते. काहींना औषध आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. छत्तीस आठवड्यांनी मोठा डोस घेणाऱ्या शंभरांपैकी छत्तीस ते एकोणचाळीस जणांच्या टाळूचा किमान ऐंशी टक्के भाग केसांनी भरला. नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात तीन ते सहा होते. त्यावरून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जून २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी ते मंजूर केले.

आकडे आनंदाचे आहेत, पण ते पुरते वाचले पाहिजेत. शंभरांपैकी साठांहून अधिकांना तेवढे केस आले नाहीत. आणि गोळी बंद केली की अनेकांचे केस पुन्हा गळतात; म्हणजे खर्च आणि धोका एका महिन्याचा नाही, वर्षांचा आहे. ही औषधे शरीराच्या लढाऊ यंत्रणेलाच लगाम घालतात. म्हणून जंतुसंसर्ग, रक्ताच्या गाठी, हृदयविकार आणि काही कर्करोग यांविषयीचा ठळक इशारा त्यांच्या माहितीपत्रकावर आहे. त्यातला बराचसा इशारा संधिवाताच्या पन्नाशीपुढच्या रुग्णांच्या अभ्यासावरून आलेला आहे, तरुणांना धोका कमी असू शकतो. पण जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि छातीत सुप्त बसलेला क्षय अशा औषधाने जागा होऊ शकतो. क्षयाची तपासणी न करता ही गोळी सुरू करणे म्हणजे चुलीत निखारे आहेत की नाही हे न बघता वर कडबा टाकण्यासारखे आहे.

मग प्रयोग करूच नये का? इथे पुन्हा डॉ. बावस्करांचेच जुने उदाहरण उपयोगी पडेल. कोकणात लाल विंचू चावला की माणसे, विशेषतः लहान मुले, हृदय आणि फुफ्फुसे निकामी होऊन दगावत. मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात होते, असे सांगतात. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध अशा रुग्णांना देऊन पाहिले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचे सांगितले जाते. तेही प्रयोगाचेच औषध होते. ते दिले नसते तर कित्येक आयांच्या मांड्या रिकाम्या झाल्या असत्या.

पण दोन्हींतला फरक पाहा. विंचू चावलेल्या मुलाजवळ एक रात्र असते. तिथे थांबणे हीच सर्वांत मोठी जोखीम होती. चाई झालेल्या मुलीजवळ वेळ असतो. सहा महिने थांबून दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला, क्षयाची तपासणी केली, यकृताची आणि रक्ताची तपासणी केली, तर तिचे काही बिघडत नाही. घाई रोगाला नसते, लग्नाच्या तारखेला असते. म्हणून ‘मरणाऱ्याने काहीही करून पाहावे’ हा न्याय इथे लावता येत नाही. दुःख जितके मोठे आणि वाट जितकी बंद, तितकी जोखीम घेण्याला आधार मिळतो. आणि वेळ हाताशी असेल तितकी सावधगिरी बाळगण्याची जबाबदारी वाढते.

ख्रिस्तसभेची शिकवण याच दिशेची आहे. पोप बारावे पायस यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते, की माणूस आपल्या शरीराचा निरंकुश मालक नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर शरीर ही बटाईने कसायला मिळालेली जमीन आहे. तिच्यात नवे पीक घेऊन पाहायला हरकत नाही, पण ती नापीक करण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याच भाषणात त्यांनी हेही मान्य केले, की माहीत असलेले उपाय थकले आणि रुग्णाची संमती असली, तर पुरते न तपासलेले उपचारही करता येतात. रोमच्या १९८० च्या एका घोषणापत्रात याच्याही पुढचे पाऊल आहे: असे प्रायोगिक उपचार स्वीकारणारा रुग्ण मानवजातीसाठी उदारपणाचा धडा घालून देऊ शकतो, आणि उपयोग होत नाही असे दिसल्यास ते थांबवायलाही मोकळीक आहे. तेव्हा आजीने म्हटल्याप्रमाणे गोळी घेणे म्हणजे देवाची इच्छा नाकारणे नव्हे, आणि गोळी अर्ध्यावर थांबवणे म्हणजे हार नव्हे.

उदारपणाचा हा मुद्दा आपल्या शेतकऱ्यांना लगेच उमजेल. बागेत नवे औषध फवारायचे तर जाणता बागायतदार सगळ्या एकरावर एकदम मारीत नाही. दोन-चार ओळींवर मारतो, शेजारच्या ओळी तशाच ठेवतो आणि घडांत फरक दिसतो का ते पाहतो. शेजारची ओळ मोकळी ठेवली नाही, तर फरक औषधाचा की हवेचा, हे कळणार कसे? चाईच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे, कारण थोडीशी चाई असलेल्या पुष्कळांचे केस वर्षभरात आपोआप येतात. शेगावातही काहींचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा उगवू लागले होते. त्या आठवड्यांत ज्याने जे तेल लावले असेल, त्या तेलाला श्रेय गेले असते.

आपल्या कांद्याचेच घ्या. लासलगाव-विंचूर पट्ट्यात चाईवर कांद्याचा रस चोळा म्हणणारा कोणीतरी भेटतोच. २००२ साली इराकमधल्या दोन डॉक्टरांनी याची चाचणी प्रसिद्ध केली. कांद्याचा रस लावलेल्या तेवीस जणांपैकी वीस जणांना सहा आठवड्यांत केस आले. नुसते पाणी लावलेल्या पंधरांपैकी दोघांनाच आले. चाचणी अगदी छोटी होती, आणि कांद्याचा वास लपत नाही, त्यामुळे कोणाला काय लावले हे सर्वांना कळणारच. तरीही तिने शेजारची ओळ मोकळी ठेवली होती, हे तिचे मोल. कांद्याच्या रसावर कोणाचा मालकी हक्क नाही, त्यामुळे त्याची मोठी चाचणी करण्यात कोणाचा नफाही नाही. कोणत्या औषधाची तपासणी होते आणि कोणत्याची होत नाही, यामागेही पैशाचे गणित असते, हे आपण ओळखून असावे.

म्हणून रीतसर चाचणीत भाग घेणारा रुग्ण स्वतःपुरते बघत नाही. त्याच्यामुळे पुढच्या हजारोंना कळते की काय चालते आणि काय चालत नाही. लपूनछपून, कोणा ओळखीच्याच्या सांगण्यावरून गोळ्या आणून खाणारा मात्र धोका तेवढाच पत्करतो आणि त्यातून कोणालाच काही शिकायला मिळत नाही. रीतसर चाचणी ओळखायची कशी? ती सरकारी नोंदवहीत नोंदलेली असते. नीतिसमितीने ती तपासलेली असते. आपल्याला समजणाऱ्या भाषेत सगळे सांगून लेखी संमती घेतली जाते. केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले जात नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचे बंधन २०१९ च्या नियमांनी घातले आहे. हे नियम सहज आलेले नाहीत. गरिबांवर त्यांना न कळत चाचण्या होतात, अशी तक्रार घेऊन इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ‘प्रयोग’ म्हणून कोणी आगाऊ हजारो रुपये मागत असेल, तर तो प्रयोग नसून धंदा आहे, हे ओळखावे.

आता सर्वांत कठीण भागाकडे येऊ. कायदा संमती मागतो, ख्रिस्तसभाही संमती मागते. पण संमती म्हणजे कागदावरची सही एवढेच का? त्या मुलीने सही केली, तेव्हा तिचा हात कोणी धरला होता? डॉक्टरांनी धरला नसेल, आईनेही नसेल. पण बसमध्ये वळून बघणारे डोळे, ओढणी सरकली की फुटणारे हसू, ‘हिचे कसे होणार’ म्हणून चर्चच्या पायऱ्यांवर उसासा टाकणारी एखादी मावशी, मुलगी बघायला येऊन चहा न घेताच उठलेले पाहुणे, या सगळ्यांनी मिळून तो हात धरलेला असतो. नीतिसमितीला हे दिसत नाही. संमतिपत्रावर याची रकाना नसते. लाजेने केलेली सही कायद्याने खरी असेल, पण ती पूर्ण मोकळी नसते.

याचा अर्थ आम्ही फार गंभीर मानतो. उद्या त्या गोळीने तिला अपाय झाला, तर औषधाला आणि डॉक्टरांना जबाबदार धरणे सोपे आहे. पण तिला त्या जोखमीकडे ढकलण्यात आपला वाटा किती, हे कोण मोजणार? ज्या गावात केस नसलेली मुलगी मान वर करून फिरू शकते, त्या गावातली मुलगीच खऱ्या अर्थाने हो किंवा नाही म्हणू शकते.

कोणी म्हणेल, गाव बदलेपर्यंत तिचे तारुण्य निघून जाईल, तोवर तिने काय करायचे? प्रश्न रास्त आहे. तिने गोळी घ्यायचे ठरवले तर तिला कोणी नखरेल म्हणू नये, आणि नाही घेतली तर हट्टी म्हणू नये. निर्णय तिचा आहे. आणि लोकांच्या नजरा उद्या थांबल्या, तरी तिला आपले केस स्वतःसाठी हवे असू शकतात. तोही तिचा हक्क आहे. आम्ही एवढेच सुचवतो, की सही करण्याआधी तिने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माहीत असलेले आणि कमी धोक्याचे उपाय पुरेसा वेळ करून झाले का? होणारा फायदा, तो टिकण्याची शक्यता आणि धोका, हे तिन्ही मला माझ्या भाषेत कळले का? आणि कोणीही माझ्याकडे बघत नसते, कोणतेही स्थळ यायचे नसते, तरी मी ही गोळी घेतली असती का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर थोडे थांबावे. आईवडिलांनीही तिच्या जागी उत्तर देऊ नये, शेजारी बसून ऐकावे.

राहिले आपण. आपल्याला औषध देता येत नाही, पण दोन-चार गोष्टी आपल्या हातात आहेत. कोणाच्या डोक्यावर चकती दिसली तर चारचौघांत उपाय सांगू नयेत. सांगायचेच असेल तर आधी ‘विचारू का’ असे म्हणावे. मुलांना चाई संसर्गाची नाही हे समजावून सांगावे, म्हणजे वर्गात कोणी त्या मुलाशेजारचे बाक सोडणार नाही. गायनवृंदात, वाचनाला, नाताळच्या कार्यक्रमात तिला पहिल्यासारखेच बोलवावे, मागे बसवू नये. आणि मुलासाठी मुलगी बघायला जाल तेव्हा केसांच्या लांबीविषयी बोलणे टाळावे. त्या घरात चाई असेल किंवा नसेल, पलीकडच्या खोलीत ते ऐकणारे कोणीतरी असतेच.